दोनच सीटांची गाडी

बाळांनो, एक गाडी डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटू मात्र नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? गाडी लाल आहे. इतकी बुटकी, की शेजारी मांजर उभं राहिलं तर मांजरालाच आपण उंच झाल्यासारखं वाटावं. तिचं नाक उघडलं तर आत इंजिन नाही, जेमतेम भाजीची एक पिशवी मावेल एवढी जागा. इंजिन आहे सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या अलीकडे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या पोटात. आणि सीट किती? दोन. आली डोळ्यांपुढे? आता ती नाशिकच्या आमच्या गल्लीत, माझ्या पोर्चमध्ये उभी करा.

तुम्हाला जमलं नसेल, पण आमच्या अख्ख्या गल्लीला जमलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. वादात मला एकाही विद्यार्थ्याने हरवलेलं नाही, असं अगदी या दसऱ्यापर्यंत मी छातीठोकपणे सांगत असे. माझी पद्धत साधी आहे. मुलाला बोलू द्यायचं, त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं आणि मग हळूच त्यातली खोट काढायची. मूल हरतं, पण हसत हरतं.

मग वेदिका आली. शेजारच्या उज्वलाची मुलगी, पाचवीतली. उज्वला सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघते. ती घरी येईपर्यंत, शाळा सुटल्यावर वेदिका माझ्याकडे असते. उज्वला अधूनमधून म्हणते, सर, तुम्हाला त्रास होत असेल. मी म्हणतो, होतो थोडा. खरं सांगायचं तर माझ्या घरात दिवसभर बोलणारा एकटा कुकर असतो, आणि तोही दोन-तीन शिट्ट्या करून गप्प होतो.

माझी पत्नी आता नाही. मुलगा रोहित बंगळुरूला असतो. दसऱ्याला येतो म्हणाला होता, मग फोन आला की यंदा जमत नाही, दिवाळीचं बघू. मी म्हटलं, अरे, काम आधी. फोन ठेवल्यावर बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसलो, जणू दसरा पुढे सरकवता येतो. त्याच दुपारी वेदिका ती लाल गाडी घेऊन आली. कंपासपेटीच्या झाकणावर तिचं चित्र होतं.

जगातली सगळ्यात सुंदर गाडी, असं तिने जाहीर केलं.

मी चष्मा पुसून नीट पाहिलं. दोन्ही बाजूंना माशासारखे कल्ले, मागे पंखासारखी आडवी फळी, म्हणजे चक्क इस्त्रीचं टेबल, आणि तोंड असं की कुणीतरी नुकताच शेपटीवर पाय दिलाय. मी म्हटलं, आमच्या वेळच्या गाड्यांना गोल दिवे असायचे, चेहरा शांत असायचा. या नव्या गाड्या सगळ्या चिडलेल्या. एवढे पैसे मोजून घरात चिडकं माणूस कोण आणतं?

"आजोबा," ती म्हणाली, "पाठीवर दप्तर घेऊन पळालं तर घाम पोटाला येतो की पाठीला?"

"पाठीला."

"मग? इंजिन मागे आहे, तर वारा पण मागेच लागणार ना. म्हणून कल्ले."

मुद्दा बरा होता. पण इंजिन मध्ये कशाला, हे तिला येत नव्हतं. तेव्हा मी माझी काठी घेतली, दोन टोकांना कांद्याच्या दोन पिशव्या बांधल्या आणि तिला गरकन फिरवायला सांगितलं. काठी जागची हलेना. मग दोन्ही पिशव्या मध्यावर आणल्या, तर तीच काठी भिंगरीसारखी फिरली आणि दाराच्या पडद्यात अडकून पडदा खाली आला. वजन मध्ये असलं की वळणं सोपं, हे वेदिकाला कायमचं कळलं. कळताच तिने ते माझ्यावरच उलटवलं. म्हणजे इंजिन मध्येच पाहिजे. इंजिन मध्ये, तर कल्ले पाहिजेत. कल्ले पाहिजेत, तर गाडी सुंदरच आहे.

आता माझ्याकडे एकच हत्यार उरलं होतं, किंमत. मी मुंबईच्या एका शोरूमला फोन लावला. मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू. पलीकडचा तरुण इतक्या हळू आवाजात बोलत होता, की जणू कुणाच्या आजारपणाची बातमी सांगतोय. साधारण चार कोटी धरा, म्हणाला. रंगाचे वेगळे. आतली शिवण लाल धाग्याची हवी तर तिचे वेगळे. मी त्याला सांगितलं, आमच्या पिंपळगावला कांद्याचा लिलाव भर बाजारात ओरडून होतो, तुम्ही का कुजबुजताय? त्यावर तो अदबीने हसला आणि गाडी कधी बघायला येताय, असं विचारू लागला. मी म्हटलं, आधी मापं सांगा, मग बघू.

फोन ठेवून मागे वळलो तर दारात समोरच्या लताबाई उभ्या. हातात वांग्याच्या भरताची वाटी. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. लताबाई न बोलता गेल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पण मी वाद जिंकण्याच्या घाईत होतो. वेदिकाला म्हटलं, चार कोटी, आणि बसणार दोघं. याला काय अर्थ आहे? गाडी घेताना घरात माणसं किती ते तरी बघावं की नाही?

वेदिकाने माझ्या घरावरून नजर फिरवली. बाहेरची खोली, रिकामा झोपाळा, आतलं बंद दार.

"तुमच्या घरात किती आहेत?"

"एक."

"मग एक सीट उरतेच की."

बाळांनो, मी चहा ठेवायला आत गेलो.

हरत चाललेल्या शिक्षकाला एकच उपाय असतो, प्रात्यक्षिक. पोर्चच्या फरशीवर ती गाडी खऱ्या मापात काढायची, म्हणजे तिची बुटकी, अडचणीची, पैसेखाऊ सूरत वेदिकाला आपोआप दिसेल, असा माझा बेत होता. मी स्कूटर बाहेर गुलमोहराखाली लावली, पोर्च धुतला, टेपने गेटची रुंदी मोजली, आणि वेदिकाला तिकडूनच ओरडून सांगितलं, की गाडी आत येईल, पण झुंबररावांच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासणार. हा स्पीडब्रेकर आमच्या पलीकडच्या झुंबररावांनी स्वतःच्या हाताने सिमेंट कालवून घातला होता, आणि त्यांना तो नातवासारखा प्रिय होता.

आता विचार करा. चार कोटींचा फोन लताबाईंनी ऐकलेला. स्कूटर बाहेर, पोर्च धुतलेला, गेट मोजलेलं, आणि दसरा तोंडावर. नवी गाडी घरी आणायला आमच्याकडे दसऱ्यासारखा मुहूर्त नाही. गल्लीने बेरीज केली. बेरीज अगदी बरोबर होती, फक्त उत्तर चुकलं होतं.

दुसऱ्या सकाळी झुंबरराव आले. "सर, लाल घेताय म्हणं. काळी घ्या, लाल रंग उन्हानं लय लवकर उतरतो."

मी नाही म्हणणारच होतो. पण तोवर ते झोपाळ्यावर बसले. त्या झोपाळ्याची कडी कितीतरी दिवसांनी कुरकुरली. मी म्हटलं, चहा घेऊन मग सांगू. चहानंतर लताबाई आल्या. त्यांच्या मते लालच शोभते, मात्र कल्ल्यांना जाळी हवी, नाहीतर आत उंदीर शिरतील. संध्याकाळपर्यंत माझ्या पोर्चमध्ये एवढी माणसं जमली, की खुर्च्या बाहेरून मागवाव्या लागल्या. कुणी म्हणालं मागचं ते इस्त्रीचं टेबल काढून टाका, त्यावर कबुतरं बसतील. कुणी म्हणालं एवढ्या पैशात गंगापूर रोडला प्लॉट येतो. कुणी म्हणालं प्लॉटला कल्ले असतात का? वेदिका मध्ये उभी राहून सगळ्यांना इंजिन समजावून सांगत होती, माझीच काठी आणि माझेच कांदे घेऊन.

आणि मी? मी खोटं बोललो नाही. कुणी विचारलं की फक्त "बघू" म्हणत होतो. फार सोयीचा शब्द आहे. आमचा रोहितही तो वापरतो.

दोन दिवसांनी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ठकठक ऐकू आली. जाऊन पाहतो तर झुंबरराव घामाघूम होऊन कुदळीने स्वतःचा स्पीडब्रेकर फोडत होते.

"अहो, हे काय?"

"आसू द्या सर," ते म्हणाले. "तुमच्या गाडीचं पोट नाय घासलं पाहिजे."

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण स्पीडब्रेकर निम्मा गेला होता. निम्म्या स्पीडब्रेकरवर कुणाला कसं थांबवायचं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. मी घरी आलो आणि ठरवलं, संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगून टाकायचं. तेवढ्यात फोन वाजला. रोहित होता. लताबाईंनी त्याला अभिनंदनाचा फोन केला होता.

"बाबा, चार कोटींची गाडी? घर विकताय का? तब्येत बरी आहे ना तुमची?"

एका शब्दाचं काम होतं. मी तोंड उघडलंही.

"कशावरही सही करू नका," तो म्हणाला. "मी दसऱ्याला येतोय."

विज्ञानाच्या माणसाने खरं बोलावं, बाळांनो. मी म्हटलं, "बरं. जेवायला काय करू?"

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, पत्र्याचं गेट लावून वेदिकाने आणि मी फरशीवर गाडी काढली. कडा खडूच्या, अंग लाल रांगोळीचं. इंजिन वेदिकाने एकटीने काढलं, नळ्या आणि स्क्रूसकट. ते हातभर मागे सरकवून आणखी एका सीटला जागा करू का, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या बाहुलीचं डोकं कापायला निघालोय. इंजिन हललं तर गाडीचं रूपच जाईल, म्हणाली.

सकाळी मी गेट लावून आत श्रीखंड काढत होतो. बाहेर गल्ली जमली होती. लताबाईंच्या हातात ओवाळायचं तबक, चाकांखाली ठेवायला चार लिंबं. झुंबररावांकडे नारळ आणि झेंडूचा एवढा लांब हार, की तो बैलालाही सैल झाला असता. सगळे मुंबईच्या दिशेने बघत होते. आणि गाडी आली. वाटेत स्पीडब्रेकर नसल्यामुळे ती जोरातच आली, आणि थांबते न थांबते तोच लताबाईंनी कुंकू लावलं, कुणी चाकांखाली लिंबं सरकवली, झुंबररावांनी हार घातला.

ती पांढरी टॅक्सी होती. चालक इतका भारावला, की त्याने उतरून सगळ्यांना नमस्कार केला. मागच्या दारातून रोहित उतरला.

"बाबा, गाडी कुठे आहे?"

मी गेट उघडलं.

सगळ्यांनी आत डोकावलं. झुंबररावांनी फरशीकडे पाहिलं, मग गल्लीच्या सपाट रस्त्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मापं मात्र अगदी बरोबर आहेत. त्यांनी नारळ न फोडता माझ्या कठड्यावर ठेवला. लताबाईंनी तबकातल्या वाती विझवल्या. पेढ्यांचा खोका ज्याने आणला होता त्याने तो काखेत मारला. एकेक करून सगळे गेले. खुर्च्याही गेल्या, त्या बाहेरच्याच होत्या.

रोहित चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या गोळ्या तपासल्या, बँकेचं काही केलं नाही ना ते विचारलं, आणि मोठा श्वास सोडला. "म्हणजे तसं काही नाही. मग ठीक आहे." संध्याकाळचं परतीचं विमान होतं. जेवून निघतो म्हणाला. टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं आणि पोर्चच्या पायरीवर बूट घालूनच बसला.

थोड्या वेळाने तो चित्राकडे बघून म्हणाला, "दोनच सीट?"

"तशीच असते ती."

"एक तुमची. दुसरी?"

"वेदिकाची," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला आणि मोबाइलकडे पाहू लागला.

वेदिका पुढच्या दिव्याजवळ उकिडवी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रोहितकडे पाहिलं, बाहेर हार घालून उभ्या असलेल्या टॅक्सीकडे पाहिलं. मग उठून आत गेली आणि फरशी पुसायचं ओलं फडकं घेऊन आली. गुडघ्यांवर बसून तिने इंजिन पुसलं, नळ्या आणि स्क्रूसकट. मग दोन्ही बाजूंचे कल्ले पुसले.

"अगं, इंजिन कुठे जाईल?"

"पुढे. तुमच्या जुन्या गाड्यांसारखं."

"रूप जाईल ना गाडीचं."

"जाऊ दे," ती म्हणाली. ओल्या फरशीवर खडू नीट उमटत नव्हता. तो दाबून दाबून तिने मागे तिसरी सीट काढायला घेतली, आणि मान वर न करता रोहितला म्हणाली, "काका, बूट काढून या. सीट अजून ओली आहे."