दोरी सोडायची नाही

पाण्याखाली माझ्याइतका सावध माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात सापडायचा नाही! तालुक्यात दुसरा पाणबुड्याच नाही, ही गोष्ट वेगळी.

मालवणला मी पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला शिकवतो. आता पाण्याखालच्या गुहांचं शिक्षण घ्यायला परदेशी जायचं होतं. सगळं ठरलं आणि आमच्या मातोश्री, गोजरबाई, आडव्या आल्या.

"समुद्रात निदान वर तरी येता येतं. गुहेत वर दगुड. न्हाई जायचं."

"अगं, बाहेरपासनं दोरी बांधत्यात. गाळ उठून काही दिसेना झालं, तरी डोळं मिटून दोरीनं बाहेर येता येतं."

"मंग ये की. मळ्यातल्या हिरीपासनं घरापत्तुर, डोळं मिटून. आलास तर जा, न्हाई तर इसर."

हे तर माझ्या डाव्या हाताचं काम! विहिरीपासून आमच्या चौकटीपर्यंत दोरी बांधली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवरच्या काचेला काळी पट्टी. घरात बायको, रुपाली, जादा नळी घेऊन उभी. आत शिरलो की मी गळ्यावरून आडवा हात फिरवायचा, म्हणजे 'हवा संपली'. मग ती नळी देणार. शेजारी आई, परीक्षक म्हणून.

निघालो. दोरी सोडायची नाही, हा पहिला नियम. घराजवळ काहीतरी थंडगार, ओलं तोंडावर आलं. रुपालीनं मुद्दाम अडथळा ठेवलाय असं समजून मी उलट खूश झालो आणि एका हातानं दोरी धरूनच खालून रांगत पुढे सरकलो. चौकट हाताला लागली. आत शिरलो. दुसऱ्या गावात दारावर डोकं आपटून भानावर आलो असतो, पण आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत.

समोर कुणीतरी श्वास घेत होतं. मी ऐटीत गळ्यावरून हात फिरवला.

"अगं ए, ह्यो गळा कापीन म्हनतोय!"

आवाज शेजारच्या आबासाहेबांचा! मी इतका गडबडलो, की सवयीनं पुन्हा तीच खूण केली.

"गळा कशाला कापंल? घसा सुकलाय त्येचा," त्यांची बायको भागूबाई म्हणाली. तिनं माझ्या तोंडातली नळी उपसली आणि तांब्याभर पाणी ओतलं.

हवा मागितली, पाणी मिळालं. भर समुद्रात कधी गुदमरलो नव्हतो, तो आबासाहेबांच्या स्वयंपाकघरात गुदमरलो. गलका ऐकून आई आणि रुपाली धावत आल्या. रुपालीनं काच ओढून काढली, पाठीत दणके घातले, तेव्हा कुठे श्वास लागला.

"दोरी हितं कशी?" आईनं विचारलं.

"म्या आनली," भागूबाई म्हणाली. "तुमच्या चौकटीची सोडून आमच्या चौकटीला बांधली. गोधड्या वाळत घालायच्या हुत्या."

आई माझ्याकडे वळली. परदेश बुडाला, असं मी धरूनच चाललो.

"शेवटपत्तुर दोरी सोडली न्हाईस ना?"

"न्हाई."

"त्या गुहेत भागूबाई हाय का?"

"न्हाई."

"मंग जा बिनघोर."

माझा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात मी आईच्या पाया पडलो, आबासाहेबांच्या पडलो आणि भागूबाईच्याही पडलो. तिनं तोंडभरून आशीर्वाद दिला.

"सुखाचा जा, बाबा. तेवढी दोरी मागं ठिवून जा. अजून लई गोधड्या धुवायच्या हायेत."