इंगळेभाऊंना बोलणी हवीत

आमच्या इंगळेभाऊंना बोलणी खाल्ल्याशिवाय जेवण पचत नाही. अकोल्याच्या बियाणे कंपनीत ते गोदाम सांभाळतात आणि मी बिलं करते. जुने साहेब रोज सकाळी त्यांच्यावर असे काही कडाडायचे की समोरचा चहावाला गॅस बारीक करून ऐकायचा. भाऊ मात्र केबिनमधून खुशीत बाहेर यायचे. "बोलते तो आपला असते, ताई. चूप रायते त्याचं भेव वाटते."

मग नवे साहेब आले. भारीच गोड माणूस! काहीही दाखवा, "छान, छान." महिनाभरात भाऊ सुकले. त्यात ऑफिस अमरावतीला हलवणार आणि निम्मी माणसं कमी करणार, अशी कुजबुज.

"सायेब बोलून नाई राहिले. मले काढतेत, पाहा तुमी."

"काहून काढतील? तुमचं काम चांगलं आहे."

"घ्या! तुमीबी तसंच म्हनता!" म्हणत ते माझ्यावरच रुसले.

एकदा तर मुद्दाम हरभऱ्याची पोती तुरीच्या थप्पीत लावली. साहेब म्हणाले, "होतं असं कधी कधी." भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी एका सोमवारी ते सरळ केबिनमध्ये घुसले. "सायेब, माहं रीतसर मूल्यमापन करा. मी कुठी चुकतो, सांगा."

अहो, आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली! एकाचं झालं की सगळ्यांचं होणार. माझ्या दोन पोरी शिकताहेत अजून. मी तिथल्या तिथे देवीला नारळ बोलून टाकला.

शुक्रवारी साहेबांनी भाऊंना बोलावलं. ते आत गेले आणि इकडे माझं एक बिल धड होईना. बाहेर आले ते तोंड पाडून.

"काढलं काय हो, भाऊ?"

"नाई. अमरावतीले नेऊन राहिले. म्हने, तुमच्या कामात काईच खोट नाई."

"मग पेढे आणा की!"

"एकबी चूक नाई सांगतली, ताई."

दुपारी डबा उघडून नुसतेच बसले. वहिनी वारल्यापासून स्वयंपाक तेच करतात.

"ती होती तं मी जेवाले बसलो का सुरू व्हायची. दाढी काहून नाई केली, हळू जेवा, पानी काहून पेता मधात... आता घरात कोनी काई म्हनत नाई. अन् तिथं अमरावतीत तं मले कोनी ओयखतबी नाई."

त्यांनी भाजी माझ्यापुढे सरकवली. मी घास घेतला आणि आवाज चढवला.

"मीठ कमी आहे. वांगं कच्चं. फोडणी करपली. आणि शर्टाची बटणं, भाऊ? वरची खाली लावलीत! असे जाणार अमरावतीला?"

भाऊ खाली बघून एकेक बटण सोडू लागले. चेहरा मात्र उजळला होता.

"अजून?" ते म्हणाले. "अजून सांगा न, ताई."