अलार्मची पूर्वपरवानगी

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घाबरण्याचे प्रमाणीकरण केले, याला सबळ कारण होते. तिथे डच आणि मराठी माणसे एकत्र काम करत. डच माणूस किरकोळ बिघाडही तोंडावर सांगून मोकळा होतो. मराठी माणूस छत पेटले तरी 'तसं काळजीचं काही नाही, पण' अशी सुरुवात करतो. दोघांचे ऐकून व्यवस्थापन गोंधळून जाई. म्हणून यापुढे कर्मचाऱ्यांना भीती फक्त इंग्रजीतच वाटेल, असे परिपत्रक निघाले. इंग्रजी तिथे कोणाचीच मातृभाषा नव्हती, त्यामुळे अन्याय सर्वांवर सारखा होणार होता.

मंजूर शब्द चार, चढत्या क्रमाने. अनईझ, म्हणजे नुसती अस्वस्थता, कोणालाही, केव्हाही वाटू शके. कन्सर्न वाटल्यास विभागप्रमुखांना कळवायचे. डिस्मे वाटण्यापूर्वी बैठक आवश्यक. अलार्म, म्हणजे धोक्याची भीती, मात्र एकमताशिवाय वाटून घ्यायचा नाही, कारण मागे एकाला तो परस्पर वाटला आणि सगळे धावत बाहेर गेल्याने वाढदिवसाचा केक तसाच राहिला.

एका दुपारी संशोधक मनाली विभागप्रमुख सुखदेवकडे धापा टाकत आली.

"सुखदेवदादा, माझा फ्रीजर बंद पडलाय. शेजारचा रिकामा आहे, पण त्याला कुलूप आहे. किल्ली द्या ना."

"किल्ली अलार्मलाच मिळते," सुखदेव म्हणाला. भावना-प्रशिक्षणात तो पहिला आला होता. "तुला आत्ता काय वाटतंय?"

"तीन वर्षं गोळा केलेले रक्ताचे नमुने वितळतायत."

"ते कारण झालं. मी भावना विचारतोय."

"रडू येतंय."

"ते मंजूर नाही गं."

तरी सुखदेव मायाळू माणूस. त्याने लगेच भावना-समन्वयक मरायकेला फोन लावला आणि सवयीने 'नथिंग टू वरी, बट' असे म्हणाला. मरायके डच असल्याने तिने ऐकले त्यावर विश्वास ठेवला आणि आभार मानून 'बट'च्या पुढचे ऐकण्याआधीच फोन ठेवला. दुसऱ्या फोनला तिने ओव्हरलेख बोलावला. ओव्हरलेख म्हणजे सगळ्यांचे एकमत होईपर्यंत चालणारी बैठक. कॉफी आली, माणशी एक बिस्किट आले.

"डिस्मे म्हणजे हताश होणं," नरेंद्रने मुद्दा मांडला. "नमुने अजून अर्धेच वितळलेत. आत्ताच हताश होणं आगाऊपणाचं होईल."

"मला व्यक्तिशः अनईझच वाटतं," रूड म्हणाला, "पण मनालीच्या कन्सर्नचा मी आदर करतो."

गुंजनने कन्सर्नकडून डिस्मेकडे जाणारा आलेख दाखवला. तो सर्वांना आवडला. रंग बदलावा, अशी एक सूचना आली.

दरम्यान मनाली समोरच्या सुपरमार्केटमधून गोठवलेल्या मटारची पाकिटे कवटाळून धावत आली आणि बंद पडलेल्या फ्रीजरमध्ये कोंबू लागली. मटार कोणत्या भावनेखाली आणले, याची चौकशी करायला एक उपसमिती नेमली गेली. तिला वेगळी बिस्किटे मिळाली.

अखेर एकमत झाले. मरायकेने घोषणा केली आणि सगळ्यांना एकदम, शिस्तीत अलार्म वाटला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. सुखदेव किल्ली घेऊन प्रयोगशाळेत धावला.

मनाली जमिनीवर बसली होती. "राहू द्या दादा. पाणी झालं सगळ्याचं."

मरायकेला खरोखर वाईट वाटले. ती मनालीजवळ बसली. "मग अलार्म रद्द करावा लागेल. गेलेल्या गोष्टीबद्दल वाटतं ते ग्रीफ. तो विभाग आर्नहेमच्या शाखेत आहे. ते फार प्रेमळ लोक आहेत."

संध्याकाळी सफाई करणाऱ्या बाईंनी रिकाम्या फ्रीजरचे कुलूप सहज ओढून पाहिले आणि ते हातात आले. दुपारी बैठकीच्या खोलीत सगळे अभियंतेच बसले होते, पेचकस प्रत्येकाच्या टेबलावर होता, आणि कुलूप तोडावे असे एकालाही सुचले नाही. हसा खुशाल. पण इथवर वाचताना तुम्हीही योग्य शब्द कोणता, याचीच वाट बघत होतात.