प्रमाण मेंदू

जीवनगौरव पुरस्काराच्या दिवशी सकाळी डॉक्टर आरशासमोर उभे राहून नम्र चेहऱ्याचा सराव करत होते. ओठ नम्र व्हायचे, पण भुवया ऐकायच्या नाहीत. बाहेरच्या खोलीत त्यांचा मेहुणाही सराव करत होता, भाषणाचा. त्याला घरात सगळे निवांत म्हणत, आणि हे नाव त्याने कधी वाया जाऊ दिलं नव्हतं.

निवांतला भाषण करायचं होतं, कारण डॉक्टरांची सारी कीर्ती त्याच्या डोक्यावर उभी होती. डॉक्टर मेंदूचे संशोधक. तरुणपणी त्यांना एका निरोगी माणसाच्या मेंदूचं चित्र हवं होतं. त्या खडखडणाऱ्या यंत्रात तासभर पडून राहायला कुणी तयार होईना, तेव्हा नुकत्याच झालेल्या मेहुण्याला त्यांनी आडवं केलं. चित्र फार सुरेख आलं. सगळीकडे शांत निळा रंग, लाल ठिपका औषधालाही नाही. त्याला डॉक्टरांनी 'प्रमाण मेंदू' असं नाव दिलं आणि पुढे ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. त्यानंतर ज्याला म्हणून यंत्रात घातलं, त्याचा मेंदू या चित्रापुढे लालेलाल दिसू लागला. डॉक्टरांनी त्या आजाराला अतिजागृती असं नाव दिलं आणि स्वतः मोठे झाले. पुढे निरोगी म्हणून आणलेली माणसंही लालच निघाली, तेव्हा हा रोग समाजात किती खोलवर लपलेला आहे, यावर त्यांनी आणखी एक ग्रंथ लिहिला.

"...मग मी त्या यंत्रात शिरलो," निवांत बाहेर घोकत होता, "आणि मला अशी काही गाढ झोप लागली..."

डॉक्टर एका बाहीत हात घालून बाहेर आले. दुसरी बाही मागे लोंबत होती.

"कुठली झोप?"

"यंत्रातली. भावजी, काय झोप होती ती. आतला आवाज कसा एका लयीत. मला बाहेर काढलंत तेव्हा लाळ गळत होती माझी."

"अरे, पण मी तुला गणित घातलं होतं. मनातल्या मनात शंभरातून सात-सात वजा करत जा, म्हटलं होतं ना?"

"मग? त्र्याण्णवपर्यंत गेलो होतो की मी."

डॉक्टर तसेच एका बाहीनिशी सोफ्यावर बसले. त्यांच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की प्रमाण मेंदू हा पूर्ण जाग्या आणि एकाग्र माणसाचा आहे. तो जर गाढ झोपलेल्या माणसाचा असेल, तर लाल दिसणाऱ्या त्या हजारो लोकांना झालं तरी काय होतं? ते जागे होते, एवढंच. डॉक्टरांनी आयुष्यभर माणसांच्या जागं असण्यावर औषध दिलं होतं.

आणि त्या माणसांत त्यांची बायकोही होती. नळ टपकतोय, कुलूप नीट लागलं नाही, तुम्ही हीच गोष्ट मागच्या आठवड्यात वेगळी सांगितली होतीत, असं सारखं तिच्या लक्षात यायचं. डॉक्टरांनी तिला यंत्रात घातलं होतं. ती सगळ्यांत लाल निघाली होती.

"हे ताईला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तिने कधी विचारलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

"आज तू बोलू नकोस. नुसता बस. हस आणि व्यासपीठावरून खाली ये."

"असं कसं? खुद्द अध्यक्षांनी फोन केलाय मला. दोन शब्द बोलाच म्हणाले."

डॉक्टरांनी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि अध्यक्षांना फोन लावला. मेहुणा भारी लाजाळू आहे, व्यासपीठावर त्याला घाम फुटतो, त्याचं भाषण तेवढं वगळा, अशी त्यांनी गळ घातली.

"वा, किती जपता हो तुम्ही माणसांना," अध्यक्ष गहिवरून म्हणाले. "भाषण रद्द. आपण त्यांची मुलाखतच घेऊ. लाजाळू माणसं प्रश्न विचारले की छान खुलतात. आणि मुलाखत घ्यायला तुमचे मित्र आहेतच की, प्राध्यापकसाहेब."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. हे प्राध्यापक त्यांचे मित्र असल्याची बातमी फक्त अध्यक्षांना होती. अतिजागृतीचा लाल रंग मेंदूत उजवीकडून पसरतो असं डॉक्टरांनी एकदा लिहिलं होतं, आणि तो डावीकडून पसरतो हे सिद्ध करण्यात प्राध्यापकांनी उभी हयात घालवली होती. दोघं एका लिफ्टमध्ये चढत नसत.

सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर निवांतचा मेंदू भिंतीएवढा मोठा करून लावला होता आणि खाली, खुर्चीत, त्याचा मालक पाय पसरून बसला होता. पहिल्या रांगेत डॉक्टरांची बायको होती. तिच्या मागे डॉक्टरांची थोरली बहीण बसली होती, ती मुद्दाम परगावाहून आली होती. डॉक्टरांच्या नम्र चेहऱ्याचा प्रश्न आपोआप सुटला होता, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आता रक्तच राहिलं नव्हतं.

प्राध्यापकांनी माईक हातात घेतला. "मला सांगा, त्या ऐतिहासिक क्षणी तुमच्या मनात नेमकं काय चाललं होतं?"

"काही नाही," निवांत म्हणाला. "मी झोपलो होतो."

"म्हणजे डोळे मिटून होता."

"छे हो, झोपलो होतो. स्वप्नसुद्धा पडलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. आता प्राध्यापक एकेक प्रश्न विचारून आपल्याला सोलणार, उद्या वर्तमानपत्रं, परवा राजीनामा, हे सगळं त्यांनी तेवढ्यात पाहून घेतलं.

पण प्राध्यापकांनी पडद्याकडे पाहिलं, निवांतकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या कपाळावर घाम जमू लागला. रोगच नसेल, तर तो उजवीकडूनही येत नाही आणि डावीकडूनही येत नाही. दुसऱ्या रांगेतल्या विभागप्रमुखांच्या डोळ्यांसमोर त्यांचा नवाकोरा अतिजागृती कक्ष उभा राहिला. मागे बसलेल्या साऱ्यांना आपापली पदवी आठवली.

"काय विनोदबुद्धी आहे बघा," प्राध्यापक एकदम म्हणाले आणि हसत सुटले. "याला म्हणतात निरोगी मेंदू."

सभागृह हसून कोसळलं. अध्यक्षांनी तर डोळे पुसले. निवांत दोन-तीनदा "अहो, खरंच" म्हणाला, आणि प्रत्येक वेळी हशा वाढतच गेला. शेवटी त्यानेही नाद सोडला. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

बायको हसत नव्हती. आपला भाऊ कधी थापा मारत नाही, कारण थापा मारायला कष्ट पडतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती नुसती डॉक्टरांकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर डॉक्टरांना परवडला असता. त्यांना मनापासून लाज वाटली. इतकी वर्षं जी बाई सगळं बरोबर बघत होती, तिला आपण आजारी ठरवलं.

सन्मानचिन्ह घेऊन ते माईकपाशी गेले. तयार केलेलं भाषण त्यांनी खिशातून काढलंच नाही.

"आत्ता जे सांगितलं गेलं, ते खरं आहे," ते म्हणाले. "माझी चूक झाली. मुळात चूक झाली."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या नकोत. मी गंभीरपणे बोलतोय. हा रोग नाही."

लोक उठून उभे राहिले. इतक्या उंचीवर पोचलेला माणूस स्वतःच्या चुका सांगतो, असं म्हणत अध्यक्षांनी पुन्हा डोळे पुसले आणि पुढच्या वर्षापासून संस्थेतर्फे डॉक्टरांच्या नावाने विनम्रता पुरस्कार सुरू करण्यात येईल, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. प्राध्यापकांनी तर त्यांना कडकडून मिठी मारली आणि कानात म्हटलं, "बास करा आता."

घरी आल्यावर डॉक्टरांनी सन्मानचिन्ह चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"तुला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "कधीच काही झालं नव्हतं. त्या गोळ्या बंद कर."

"त्या मी दुसऱ्याच आठवड्यात बंद केल्या होत्या. त्यांनी झोप येते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता. शोध लागला होता तुम्हाला." ती खुर्चीत बसली. "अहो, पण ते भर सभेत कशाला बोललात? कुणाचा विश्वास बसला का?"

"कुणाचाच नाही," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. "सगळे हसले."

"सगळे? वन्संसुद्धा?"

डॉक्टरांना ते आठवेना. तेवढ्यात फोन वाजला. थोरली बहीणच होती, आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अरे, तो खरंच झोपला होता ना? मला बाई लगेच पटलं. तो काय करणार दुसरं? म्हणजे तुझी बायको ठणठणीत आहे की. तूच मला पूर्वी सांगितलं होतंस, हिला आजार आहे, घरात पाहुण्यांचा मुक्काम चालणार नाही. म्हणून मी इतकी वर्षं मन मारून दोन तासांत परत जातेय. आता काही हरकत नाही. मी बॅगा भरल्यात. दोन-तीन महिने निवांत राहीन म्हणते. तुमचं स्वयंपाकघरही एकदा नीट लावून द्यायचंय मला."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला होता. तिने दोन्ही हात जोडले.

बायको सोडली तर सगळ्या सभागृहात डॉक्टरांच्या सत्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस निघालं होतं. डॉक्टरांनी फोन तोंडाशी घेतला.

"नाही गं, तो विनोद होता," ते म्हणाले. "लोक कसे हसले, पाहिलंस ना? हिला आजार आहे. उलट अलीकडे वाढलाय. आता दोन तासही नको म्हणतोय मी."

सगळा पुरावा डोळ्यांसमोर असताना डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं निदान केलं होतं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या रोग्याला तिथल्या तिथे बरं वाटलं.