जुने लव्हर काढण्याबाबत

गणपतनाना सुतार कुणाच्याही दाराची बेल वाजवत नाहीत. बोटाच्या पेरानं दार ठोकतात, कान लावतात आणि आतलं माणूस येण्याआधी दाराचा निकाल देऊन मोकळे होतात. मी या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी दार उघडलं, तर ना नमस्कार ना चमत्कार. "तुमचं दार खोटं हाय की!" म्हणाले आणि चालू पडले.

नाना मूळचे मुरगूडचे. पन्नास वर्षं रंधा मारला. आता पंच्याहत्तरी उलटली, तळमजल्यावर एकटेच असतात, पण हात शिवशिवतात. मिसळ येईपर्यंत हॉटेलातल्या टेबलाखाली वाकून फळी बघतात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा पाट वाजवून 'बाभळ' म्हणून नापास केला होता. मुलीच्या बापाला तेव्हा पाणी द्यावं लागलं.

आमच्या जिन्यावर रंकाळ्याकडून ऊन-पावसाचा थेट मारा. तो अडवायला नानांनीच वीस वर्षांपूर्वी सागवानी तिरक्या पट्ट्या बसवल्या होत्या. आता वरच्या पट्ट्या कुजल्या. एक तर निखळून पाटीलकाकूंच्या स्कूटीवर पडली. एवढ्यासाठी पुन्हा सागाची झाडं पाडायला नकोत, नकली लाकूड बसवू, असं बहुतेकांचं मत. पण स्वतःच्या हातचं काम उतरवून त्या जागी खोटं लाकूड? नाना जन्मात हो म्हणणार नाहीत, याची सगळ्यांना धास्ती. असल्या पट्ट्यांना इंग्रजीत लूव्हर म्हणतात, हे मला नुकतंच कळलं होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ऐटीत फळ्यावर लिहिलं, 'जुने लव्हर काढून नवीन, टिकाऊ लव्हर बसवण्याबाबत सभा.'

इतकी गर्दी आमच्या सभेला कधी झाली नव्हती. पाटीलकाकू म्हणाल्या, "आमच्यातबी एक जुनं हाय. न्हेताय काय?" पाटीलकाका चपलेकडं बघत बसले.

नाना मात्र हसले नाहीत. "झिलमिली म्हनत्यात त्येला. नमुनं आणा, मी बगतो."

तीन नमुने आले आणि नानांनी महिनाभर त्यांचा छळ मांडला. बादलीत बुडवले, गच्चीवर उन्हात टाकले, विळ्यानं खरवडले. एकाचा रंग उडाला. दुसऱ्याचं लाकडासारखं दिसणारं कातडं सुटलं. तिसरा लाकडाचा भुसा आणि जुनं प्लास्टिक वितळवून केलेला. तो ढिम्म हलला नाही. मग नानांनी विकणाऱ्याला समोर बसवून घेतलं.

"पावणं, ह्ये मोडल्यावर कुटं जायाचं?"

"परत वितळवायचं, नवी पट्टी होते, काका."

"आन् तेल?"

"तेल लागत नाही. पाण्यानं धुतलं की झालं."

नानांनी पट्टी उलटी करून पेरानं ठोकली. मी मनातल्या मनात अंबाबाईला नवस बोलून टाकला.

"जलमभर रंध्याखालचा भुसा आमी बंबात घातला," अखेर ते म्हणाले. "ह्येंनी त्येची पट्टी केली. ह्येच बसवा."

सगळ्या इमारतीनं सुटकेचा निःश्वास टाकला. पाटीलकाकूंनी तर लगेच चहा टाकला.

पट्ट्या बसल्या त्या संध्याकाळी नाना जिन्यात बसले होते. मला राहवेना. "नाना, तुम्ही आणि नकली लाकडाला हो म्हणालात?"

"तेलामुळं." ते म्हणाले, "दर उन्हाळ्यात समद्या पट्ट्यांस्नी जवसाचं तेल लावत हुतो. तुमी आपिसात गेल्यावर."

मला ठाऊकच नव्हतं. आम्ही आपले सागवान किती टिकतो म्हणून लाकडाचं कौतुक करत होतो.

"मंडळी शिडी धरायची. ती गेल्यापास्नं दोन उन्हाळं एकलाच चढलो. पाय लटपटत्यात, वरच्या पट्ट्यांस्नी हात पोचला न्हाय. त्याच कुजल्या."

"अहो, मला हाक मारायची!"

"शिडी धराय कुणाला हाक मारायची?" नाना हसले. "आता शिडी नगं, धरणारंबी नगं. लई हलकं वाटाय लागलंय बगा."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. दोन उन्हाळे हा माणूस एकटा शिडी चढला आणि पडला नाही, याचं मला आधी हायसं वाटलं. लाज मागाहून वाटली.