हात मागे, मांडणी चालू आहे

आमच्या शाळेतले महाजन सर कॉम्प्युटरपुढे बसत नाहीत, उभे राहतात. तेही चपला बाहेर काढून, दोन्ही हात मागे बांधून. मी माउसकडे नुसता हात नेला तरी खेकसतात, "हात मागे, मॅडम! मांडणी चालू आहे. टेन्शन मत लो, तो करेल बरोबर!"

'तो' म्हणजे सरांनी स्वतः बनवलेला प्रोग्राम. धडा टाकायचा, इयत्ता सांगायची. ओळी, चित्रं, उत्तरांच्या रिकाम्या जागा तो आपोआप बसवतो आणि मुलांच्या सरावाची पानं तयार. एखादी चौकट केसभर सरकली तर सर सगळा गठ्ठा परत छापतात. नेपानगरची कागद गिरणी जवळ आहे म्हणून कागद असा उधळायचा का, असं मी त्यांना नेहमी चिडवते.

असे हे सर, आणि परवा सहावीत पानं वाटली तर एकेका पानावर एकच शब्द! केळी. घागर. तापी. अक्षरं वीतभर. पोरं खो खो हसली. मलाही उकळ्या फुटल्या, सर सापडले एकदाचे! पण ते गुपचूप पानं गोळा करत म्हणाले, "घरची फाइल लागली, मॅडम. हिच्यासाठी केलेली."

लकवा मारल्यापासून सरांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, वाचन गेलं, हे मला माहीत होतं. सर त्यांना रोज शिकवतात, हे नव्हतं. फार वाईट वाटलं. संध्याकाळी आमच्या गावातल्याच लालबागला त्यांच्या घरी गेले.

काकूंनी शब्द वाचला की सर 'जमलं' हे बटण दाबतात, नाही तर 'अडकलं'. त्यावरून प्रोग्राम उद्याची अक्षरं लहान करतो किंवा मोठी. "कितीक दिवस झाले, लहान होतच नाहीयेत," सर म्हणाले. "वाचेल ना हो ही परत?"

काकूंपुढे 'तापी' होतं. सर उभे, हात मागे. काकूंचे ओठ नुसतेच हलत होते. मला राहवेना, मी सांगायला पुढे झाले.

"हात मागे, मॅडम," सर हळूच म्हणाले. "माझंच बोट पहिले धावतं, म्हणून बांधून ठेवतो. तिला करू द्या."

"ता... पी," काकू म्हणाल्या. मग पान ढकलून सरांवर डोळे वटारले, "एवढं मोठं... कशाला? मी काय... लहान पोरगी शे?"

सरांचे हात सुटले ते थेट डोळ्यांकडे गेले. चष्मा कुठे, रुमाल कुठे, काही सुधरेना.

"सर, बटण मी दाबू?"

"नको," काकू म्हणाल्या. "मी."

पडद्यावर दोन बटणं होती. काकू पुढे वाकल्या. एक वाचलं, सोडलं. दुसऱ्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं, "ज... म... लं," आणि दाबलं.

आम्ही दोघंही हात मागे बांधून उभे होतो.