एक खोली कमी

चौगुले सरांना खोल्या मोजता येत नाहीत. माणूस इतिहासाचा प्राध्यापक, सगळ्या सनावळ्या तोंडपाठ. पण आमच्या विद्यापीठात परिषद भरली आणि पाहुण्यांच्या निवासाचं काम त्यांच्याकडं गेलं, की अतिथिगृहात एक खोली हमखास कमी पडते.

मग कुणीतरी विद्वान बॅग घेऊन व्हरांड्यात ताटकळतो. सर कपाळावर हात मारतात, "चुकलं की माझं. चला पावणं, आमच्याकडं," म्हणतात आणि त्याला स्कूटरवर घालून मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी नेतात. पाहुणा आढेवेढे घ्यायला लागला, तर "परिषदेला आलाय का उपाशी मरायला?" हे ठरलेलं. एकदा दक्षिणेकडचे एक नामवंत अध्यक्ष असेच नेले. दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्या रश्श्याच्या गुंगीत, कुलगुरूंच्या शेजारी बसून, स्वतःच्याच सत्रात डुलक्या काढत होते. लाजायची पाळी आमच्यावर.

यंदा मी हट्टालाच पेटलो. निवासाचं काम मागून घेतलं आणि खोल्या स्वतः नोंदवल्या. वर एक जादाच. म्हटलं, आता बघू कशी कमी पडते ती.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी सर अतिथिगृहात आले. खोली मिळाली का, पाणी गरम येतंय का, असं एकेका पाहुण्याला विचारत फिरले. सगळ्यांची दारं लागली तरी ते आपले तिथंच. शेवटी मला म्हणाले, "एखादा पावणा जास्त न्हाय का झाला?"

नाही, उलट एक खोली उरलीय, असं मी ऐटीत सांगितलं.

ते बाकावर बसले. गादीवर नवी चादर घातलीय, मटण शिजवून ठेवलंय, असं कायबाय बोलत राहिले.

"ही गेली तवापासनं एकटाच जेवतोय बघ. परिषद आली की कुणाला तरी सकाळी 'झोप लागली का' म्हणून विचारायला मिळतंय. म्हणून दर वेळी एक खोली कमी सांगत हुतो."

मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं आम्ही ह्या माणसाला हसत होतो.

माझं घर उचगावात. गाडीला किक मारली की आलंच.

"सर," मी म्हटलं, "उद्या लवकर यायचंय. उचगाव लई लांब पडतंय हो मला."

सरांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"लांबच हाय की," ते म्हणाले. "चल, रस्सा गरम करायचाय."